दोनशेपर्यंत मोजायचं

आमच्या घरात सगळ्यात जास्त पाणी नाना प्यायचे. माझे वडील. जेवताना तीन तांबे, जेवणानंतर एक, आणि ओट्यावर बसलेले असले तर येता-जाता कुणालाही हाक मारून आणखी एक. हिवाळ्यातसुद्धा. माय वैतागून म्हणायची, "विहीरच शे का पोटमा?" त्यावर नाना म्हणायचे, कोळसा अजून घशात बसलाय, तो भिजत ठेवावा लागतो, नाहीतर खोकला पेट घेतो. आम्हाला ती थट्टा वाटायची. पुढे छातीचे फोटो काढायची वेळ आली तेव्हा कळलं की त्यात थट्टा फारशी नव्हती.

अमळनेरहून पारोळ्याकडे जाताना रस्त्यापासून थोडं आत आमचं गाव. गावातली माणसं पोटासाठी फार तर सुरतेला जायची. नाना मात्र तरणेपणी उलट्या दिशेला गेले, चांद्याकडे, कोळशाच्या खाणीत. आधी टोपल्यात कोळसा भरला, मग छाती रुंद आणि डोकं थंड म्हणून साहेबांनी त्यांना बचाव केंद्रावर घेतलं. खाणीत आग लागली, छत बसलं, विषारी वायू साचला की बाकीची माणसं बाहेर पळायची आणि ही मंडळी आत जायची. मी दहा वर्षांची होईपर्यंत आम्ही तिथे दोन खोल्यांत राहिलो. मला त्यातला आठवतो तो मुख्यतः भोंगा. पाळी बदलण्याचा भोंगा लांबलचक आणि सुस्त असायचा. अपघाताचा भोंगा तुटक. तो वाजला की माय चुलीवरचा तवा उतरवायची, नानांचं ताट झाकून ठेवायची आणि ते परत येईपर्यंत स्वतः जेवायची नाही. मला वाढायची, पण माझ्याकडे बघायची नाही.

बचाव केंद्रावर पिंजऱ्यात मुनिया असत, चिमणीपेक्षा लहान. नाना मला कधी कधी त्यांना राळं घालायला न्यायचे. काही वायू असे असतात की त्यांना वास नाही, रंग नाही, माणसाला कळेपर्यंत त्याचे पाय गेलेले असतात. मुनियाला मात्र आधी कळतं. ती दांडीवरून पडली की तुकडीने समजायचं. पाठीवर प्राणवायूचं जड यंत्र, नाकाला चिमटा, तोंडात नळी, त्यामुळे आत गेल्यावर कुणी बोलू शकत नाही. सगळं दोराच्या झटक्यांवर चालतं. आणि सगळ्यांत मोठा नियम परतण्याचा. यंत्रावर एक काटा असे. किती हवा उरली की माघारी वळायचं ते आत जाण्याआधीच ठरलेलं, आणि तो आकडा आला की वळायचं. समोर काही का असेना. हुकूम मिळाला की तो मोठ्याने परत म्हणून दाखवायचा, अशीही रीत होती. ही सवय नानांनी घरीही आणली. माय म्हणाली, मीठ आणा, तर नाना दारातून ओरडायचे, "मीठ आणायचं!" आणि येताना विसरायचेच.

छातीने साथ सोडली तेव्हा त्यांना वरचं, बसून करायचं काम देऊ केलं. ते त्यांना मानवलं नाही. ते गावाला परत आले, आणि आल्या आल्या त्यांनी एक चूक केली. पारावर बसून खरी गोष्ट सांगितली. एकदा एका बोगद्यात त्यांची तुकडी पुढे पुढे गेली, आणि पलीकडून कुणीतरी दगडाने लोखंडावर ठोकत असल्याचा आवाज आला. शंभर पावलं राहिली असतील. काटा परतीच्या आकड्यावर आला होता. तुकडी वळली. दुसरी तुकडी ताजी यंत्रं घेऊन आत गेली, तोवर ठोकणं थांबलं होतं. नानांना यातून काय सांगायचं होतं ते त्यांनाच ठाऊक. बहुधा मनावरचं ओझं उतरवायचं असावं. पण बोलणाऱ्याने काय सांगितलं याला गावात किंमत नसते, ऐकणाऱ्याने काय ऐकलं याला असते. गावाने ऐकलं की माणूस जिवंत होता आणि हा माघारी आला. महिनाभरात नानांचं नाव "परत्या" पडलं. तोंडावर कुणी म्हणत नसे. पण पोरं झाडामागून म्हणायची आणि मी त्या पोरांना दगड मारायची. माझा नेम चांगला होता.

आमचं आणि धाकटे काका, म्हणजे आप्पा, यांचं घर एकाच अंगणात होतं. शेत एकत्र, चुली दोन. आप्पा नानांच्या अगदी उलट. हसायचे ते गल्लीच्या टोकाला ऐकू जायचं, आणि चिडायचेही तसेच. काकू नानांपुढे कधी बोलायची नाही. जेठापुढे धाकट्या भावाची बायको बोलत नाही, पदर कपाळावर ओढून भिंतीशी होते, अशीच आमच्याकडे पद्धत होती. नाना अंगणात असले की काकू माझ्याकडे बघून म्हणायची, "सांग त्यास्ले, चहा थंडा व्हई राहिना." नाना दोन हातांच्या अंतरावर बसलेले असायचे. मीही इमानाने सांगायची, "नाना, चहा थंड होतोय." नाना म्हणायचे, "सांग तिला, येतो." हे पोस्टमनचं काम मी कितीतरी वर्षं केलं. नाना चांद्याला राहून शुद्ध बोलायला शिकले होते. चिडले किंवा हेलावले की मात्र अहिराणी परत यायची.

त्या उन्हाळ्यात मी दहावीची परीक्षा देऊन मोकळी होते. आखाजी तोंडावर आली होती. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, पण तसं म्हटलं की आमच्याकडे कुणाला सणासारखं वाटत नाही. लेकी माहेरी येतात, झाडांना झोके बांधतात, खापरावरच्या पुरणपोळ्या आणि आमरस होतो, पितरांच्या नावाने घागरी भरतात. आणि सालदाराचं साल त्याच दिवशी संपतं. वर्षभर शेतावर राबणारा गडी त्या दिवशी मोकळा होतो, मग राहायचं की दुसरं घर धरायचं ते त्याने ठरवायचं. आमचा सालदार सुपडू या वर्षी निघणार होता. धरणगावकडे त्याच्या सासुरवाडीला काम मिळत होतं. काकूने त्याच्या बायकोसाठी लुगडंही आणून ठेवलं होतं.

माझ्याकडे धाब्यावरच्या, म्हणजे घराच्या सपाट मातीच्या छतावरच्या, बिबड्यांची राखण होती. ज्वारीचे ते ओले पापड जुन्या धोतरांवर घालून वाळवायचे आणि कावळे हाकत बसायचं. नानांनाही काम नव्हतं. ते खाली अंगणात खाट टाकून पडायचे आणि मी वरून सुतळी सोडायची. एक टोक त्यांच्या मनगटाला, एक माझ्या. एक झटका म्हणजे थांब. दोन म्हणजे दोर सोड. तीन म्हणजे ओढ. तीन झटके आले की मी तांब्या बांधलेला दोर वर ओढायची, दोन आले की वरच्या माठातून पाणी भरून खाली सोडायची. हा आमचा दुपारचा खेळ. मी कधी चुकले तर नाना म्हणायचे, "मेला एक माणूस." मी म्हणायची, "बिबड्याच गेल्या नाना, कावळ्याने नेल्या." परीक्षेत किती गुण पडतील याची त्यांनी एकदाही चौकशी केली नाही, पण झटके मात्र चोख शिकवले.

शेतातल्या विहिरीचा गाळ आखाजीच्या आधी काढायचा होता. उन्हाळ्यात पाणी खोल जातं आणि वर ठेवलेल्या डिझेल इंजिनाला ते ओढता येत नाही. मग आमच्या भागात लोक एक युक्ती करत. इंजिनच दोराने विहिरीत उतरवायचे, अर्ध्यावर कातळाचा ओटा असतो त्यावर बसवायचे आणि तिथून पाणी उपसायचे. आप्पांनी तेच केलं. विहिरीच्या तोंडावर लाकडी यारी उभी होतीच; चार माणसांनी दांडे फिरवले की दोरावरचं टोपलं वर येतं, तशी. इंजिन खाली बसवून आप्पा संध्याकाळी घरी आले तेव्हा नाना ओट्यावर होते.

"आप्पा, इंजिन वर काढ," नाना म्हणाले. "धूर वर येस नही. तठेच बठी ऱ्हास."

आप्पा पाय धूत होते. ते हसले. "नाना, बठ्ठं खान्देश इंजिन विहिरमा उतारस. बठ्ठा मरी गयात का?"

"जे मेले ते सांगायला आले नाहीत."

"तुम्हना चांदामा बठत व्हई धूर. आम्हना वावरमा वारा शे." आणि मग, मला वाटतं, त्यांना बोलायचं नव्हतं तरी निघून गेलं, "तुम्हले तर बठ्ठीकडे मांगे फिरानंच दिखस."

पुढे कितीदा माझ्या मनात आलं, की नानांनी तेव्हा भांडायला हवं होतं, ताट भिरकावायला हवं होतं, विहिरीवर जाऊन बसायला हवं होतं. पण परत्या म्हणून घेतलेल्या माणसाचा शब्द स्वतःलाच जड होतो. पालथ्या घड्यावर पाणी म्हणून ते उठले आणि झोपायला गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून इंजिनाचा आवाज येत होता. शेत गावाला लागूनच. टुक टुक टुक टुक, असा तो आवाज उन्हाळाभर आमच्या कानात असायचा, इतका की ऐकूच यायचा नाही. माय आणि काकू दोघी मिळून सांजोऱ्या करत होत्या. रव्याचा गोड वास अंगणभर पसरला होता. मी धाब्यावर होते. आणि तो आवाज अडखळला. दोन-चार वेळा खोकल्यासारखा झाला आणि थांबला. नाना खाटेवर उठून बसले. तेल संपलं असेल, मी म्हणाले. त्यांनी हात वर करून मला गप्प केलं. ते पुन्हा चालू होण्याची वाट बघत होते. मग एकदम उठले आणि पायात काही न घालता पळत सुटले. पन्नाशीतला, दमेकरी माणूस. मी जिना उतरले, सुतळीचं बंडल हातातच राहिलं होतं, आणि त्यांच्या मागे धावले.

विहिरीवर दहा-बारा माणसं जमली होती. काय झालं ते दोन वाक्यांत कळलं. इंजिन बंद पडलं म्हणून सुपडू ते चालू करायला पायऱ्यांनी खाली गेला. ओटा जवळ आल्यावर बसला आणि आडवा झाला. आप्पांना वाटलं, ऊन लागलं. ते त्याला उचलायला उतरले. आता वरून हाक मारली तर दोघेही उत्तर देत नव्हते. आप्पांचा मुलगा दिलीप, माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा, पहिल्या पायरीवर उतरला होता. नानांनी त्याला कमरेला धरून मागे खेचलं, दोघेही मातीत पडले.

"सोडा माले! मना बाप शे तठे!"

"मना भाऊ शे," नाना म्हणाले. "इंजिनले श्वास पुरना नही, तुले पुरी का?"

दिलीप ऐकेना. नानांनी स्वतःचा पंचा काढला आणि त्याला यारीच्या खांबाला बांधून टाकलं, आणि दोन माणसांना सांगितलं, हा सुटला तर तुमचा जीव घेईन. मग कंदील मागितला आणि कोंबडी. लोक एकमेकांकडे बघायला लागले. सुपडूची बायको तेवढी पळाली. तिची झोपडी बांधावरच होती. कोंबड्या तिच्याच होत्या. टोपल्यात पेटता कंदील आणि पाय बांधलेली कोंबडी ठेवून नानांनी टोपलं खाली सोडलं. ओट्याच्या बरंच वर कंदील विझला. वर आली ती कोंबडी मान टाकलेली.

"लिंबाच्या फांद्या तोडा. भारा बांधा. दुसऱ्या दोराला लावून वर-खाली करा, थांबू नका. हौदातलं पाणी बादल्यांनी टाका, एका बाजूने टाका, भिंतीवरून." नाना बोलत होते ते शुद्ध, चांद्याचं, आणि आवाज इतका सपाट की माणसं निमूट कामाला लागली. बिनवाऱ्याच्या विहिरीत वारा करायचा होता. खाली दोन माणसं पडलेली आणि वर आम्ही फांद्या हलवतोय. मी बादल्या देत होते. मला किंचाळावंसं वाटत होतं.

तेवढ्यात काकू आली. हातांना अजून रवा लागलेला. तिने विहिरीत डोकावून बघितलं, बांधलेल्या दिलीपकडे बघितलं, दुसऱ्या कोंबडीला टोपल्यात ठेवणाऱ्या नानांकडे बघितलं. तिचा पदर खांद्यावर पडला होता. इतक्या वर्षांत तिने जेठाला पहिल्यांदा तोंडावर हाक मारली.

"भाऊ खाले मरी राहिना, नि तुम्ही कोंबड्या सोडी राहिनात! जा ना खाले! का अठेबी मांगे फिरशात?"

नानांनी तिच्याकडे बघितलं नाही. टोपलं खाली सोडलं. कंदील पिवळा झाला, पण विझला नाही. कोंबडी वर आली ती धड नव्हती, पण मान उभी होती.

"बस," नाना म्हणाले. त्यांनी तोंडाला ओलं फडकं बांधलं आणि माझ्या हातातली सुतळी घेऊन एक टोक मनगटाला बांधलं. कुणीतरी म्हणालं, ओल्या फडक्याने वायू अडतो का? "धूर अडतो, वायू नाही," ते म्हणाले. मोठा दोर छातीभोवती बांधला, तो चार माणसांच्या हातात. यारीचा दोर दुसऱ्या माणसासाठी सोबत. सुतळी माझ्याकडे, कारण झटक्यांची भाषा त्या गावात आणखी कुणालाच येत नव्हती.

"शोभा. दोनशे. मी झटका दिला, नाही दिला, शिव्या दिल्या, तरी दोनशेला मला ओढायचं. परत सांग."

"दोनशेला ओढायचं."

ते उतरले. मी मोठ्याने मोजू लागले. फांद्या त्यांच्या बाजूने वर-खाली होत होत्या. पन्नासला ते ओट्यावर पोहोचले असावेत. सत्तर. नव्वद. एकशेबाराला तीन झटके आले आणि मी ओरडले, "यारी ओढा!" यारीवरच्या चौघांनी दांडे फिरवले. दोर जड होता. काकू काठावर गुडघ्यांवर बसली होती, दोन्ही हात पुढे करून. वर आला तो सुपडू. नाकपुड्या हलत होत्या, ओठ विचित्र लाल. त्याची बायको धावली. काकूचे हात तसेच पुढे राहिले. ती रडली नाही, फक्त एवढंच म्हणाली, "परका पह्यले?" ते मी ऐकलं, आणि मोजत राहिले, कारण मोजणं थांबवायचं नव्हतं.

यारीचा दोर आप्पांसाठी पुन्हा खाली सोडला होता. एकशेचौऱ्याऐंशीला सुतळीला एक झटका आला. एकच. थांब.

तो फक्त मला कळला. सुतळी माझ्या मुठीत होती. नाना खाली आपल्या भावापाशी होते आणि मला सांगत होते, थांब. मी मोजत राहिले. एकशेनव्वद. माझा आवाज मलाच दुसऱ्या कुणाचा वाटत होता. पुन्हा झटका आला नाही. एकशेनव्याण्णवला मी क्षणभर अडकले, खोटं कशाला सांगू. मग दोनशे म्हणाले आणि ओरडले, "ओढा!"

"अगं, आप्पा बाकी शे अजून," दोरावरचा एक म्हणाला.

"ओढा म्हणते ना!"

नाना वर आले. एकटे. डोळे लाल, पाय लुळे पडत होते. ते बांधावर ओकले आणि उताणे पडून श्वास घेत राहिले. कुणीतरी पुटपुटलं, "फिरना मांगे." मी त्यांच्या मनगटाची सुतळी सोडवत होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात राग होता का, हे मी तीस वर्षं स्वतःला विचारत आले. पुन्हा फांद्या, पुन्हा पाणी, आणि मी पुन्हा तयार. दुसऱ्या खेपेला सत्तरलाच तीन झटके आले. आप्पा वर आले. नानांनी त्यांच्या तोंडात तोंडाने हवा भरली, छाती दाबली, अमळनेरहून डॉक्टर जीप घेऊन येईपर्यंत थांबले नाहीत. डॉक्टरांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला तेव्हा थांबले.

आखाजीच्या दिवशी आमच्याकडे चूल पेटली नाही. सांजोऱ्या शेजारच्या पोरांना वाटून टाकल्या. सुपडू दवाखान्यातून परत आला, पण बोलताना अडखळायचा आणि ऊन सहन करू शकायचा नाही. तो धरणगावला गेला नाही. दर आखाजीला साल संपायचं आणि तो काकूच्या दारात येऊन उभा राहायचा, आणि काकू काही न बोलता भाकरी वाढायची. गावाने नानांना परत्या म्हणणं सोडलं. विहिरीत इंजिन उतरवणंही सोडलं, आणि गाळ काढायच्या आधी पहिल्यांदा कंदील खाली सोडायला लागले. पण काकू नानांशी बोलली नाही. गंमत अशी की, गंमत म्हणवत नाही तरी, कुणाला हे कळलंसुद्धा नाही. ती आधीही बोलत नव्हतीच. पदर तसाच कपाळावर, तशीच भिंतीशी. फक्त मला कळलं, कारण "सांग त्यास्ले, चहा थंडा व्हई राहिना" हे तिने मला पुन्हा कधी सांगितलं नाही.

नाना शेवटी शेवटी जळगावला माझ्याकडे होते. छाती पूर्ण गेली होती. एका दुपारी मी त्यांना चमच्याने पाणी पाजत होते तेव्हा त्यांनी स्वतःहून विषय काढला.

"आप्पाने सुपडूला काखेत धरून ओढत आणलं होतं. त्याचं डोकं वरच्या पायरीवर ठेवलं होतं. स्वतः खाली पडला. त्या दीड हाताच्या उंचीने सुपडू वाचला. मी फक्त दोर बांधला."

"हे काकूला का सांगितलं नाही?"

"काय सांगणार? तुझ्या नवऱ्याने परका आधी काढला म्हणून? मी आपली कातडी वाचवतोय असं वाटलं असतं तिला." मग चमचा बाजूला सारून म्हणाले, "मी एक झटका दिला होता."

"मला लागला होता."

"माहीत आहे. हात गरम होता आप्पाचा. श्वास सापडत नव्हता, पण हात गरम. वाटलं, आणखी थोडा वेळ मिळाला तर दोर बसेल. बोटं चालत नव्हती."

"मी थांबले असते तर?"

"तर हे सांगायला मी नसतो. आप्पाचं काय झालं असतं, ते मला माहीत नाही, शोभा. खरंच माहीत नाही." त्यांनी माझं मनगट धरलं, सुतळी बांधतात त्या जागी. "तू बरोबर केलं. मी तुला आधी सांगायला हवं होतं. माझी चूक झाली ती."

मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. तीस वर्षांचं रडू होतं, ते एका दुपारीत संपणारं नव्हतं.

त्या हिवाळ्यात नाना गेले. पुढच्या आखाजीला मी गावी गेले. माय आधीच गेली होती, मला भाऊ नाही, तेव्हा नानांच्या नावाची घागर दिलीपच भरणार होता, त्याच्या वडिलांच्या घागरीशेजारी, काकूच्या घरी. आदल्या संध्याकाळी काकू खरबूज निवडत बसली होती. मी तिच्यापुढे बसले आणि सगळं सांगितलं. पायरीवरचं डोकं. गरम हात. आणि तो झटका. म्हटलं, काकू, नानांनी थांब म्हटलं होतं. ओढलं ते मी. राग धरायचा असेल तर माझ्यावर धर.

काकूने खरबूज खाली ठेवलं. "एकच झटका?"

"एकच."

ती उठली आणि चुलीकडे गेली. रात्री जेवताना माझ्याशी बोलली नाही. मला वाटलं, हेही घर आता मला बंद झालं. पहाटे जाग आली तेव्हा परतीच्या गाडीची वेळही मी मनात ठरवून ठेवली.

सकाळी अंगणात दोन घागरी मांडल्या होत्या, प्रत्येकीवर खरबूज आणि सांजोऱ्या. सुपडू उंबऱ्याशी टेकून बसला होता. दिलीपने रीतीप्रमाणे आधी आपल्या वडिलांच्या घागरीला हात घातला, जसा इतकी वर्षं घालत आला होता. काकू मागे भिंतीशी उभी होती.

"थांब," ती म्हणाली. "पह्यले त्यास्ले."

दिलीपला कळेना. "नानास्ले?"

"त्यास्नी तहान मोठी."

दिलीपने नानांची घागर पुढे घेतली आणि पाणी सोडलं. काकूने पदर कपाळावर नीट ओढला, समोर जेठ बसल्यासारखा. मी जवळच होते, मला निरोप सांगायची सवय होती, म्हणून मी तिच्याकडे बघितलं. पण तिने माझ्याकडे बघितलं नाही. ती त्या पाण्याकडे बघून सरळ त्यांच्याशीच बोलली.

"पी ल्या," ती म्हणाली. "पोटभर पी ल्या."